पिवळ्या चिठ्ठीवरचं वजन

बिलिंग्ज, मोंटाना
बुधवार, ३ मे २०२३

प्रिय क्लिफ,

तुझा पत्ता अजून तोच आहे असं धरून लिहितोय. याकिमाला सफरचंदं मोहरली असतील. इथे अजून सकाळी गाडीची काच खरवडावी लागते. लेनोर बरी आहे. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी तक्रार नाही. तू कसा आहेस?

इतक्या वर्षांनी भावाचं पत्र बघून तू चक्रावला असशील. एक सल्ला हवाय. आम्ही मोटरहोम घेतोय, चाकांवरचं घर. म्हणजे लेनोरला घ्यायचंय आणि मी चार महिने बघत हिंडतोय. पेट्रोलवरचंच घ्यायचं, एवढं ठरलंय. डिझेलचं आमच्या आवाक्याबाहेर आहे, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च कुठून करणार?

पण पुढचं काही ठरत नाही. पहिलं तीस फुटी, हलक्या चासीवर, म्हणजे हलक्या सांगाड्यावर बांधलेलं. वळायला सोपं, पण चासी आधीच घराच्या ओझ्याने वाकलेली. सामानाला जागा आहे, ताकद नाही. दुसरं छत्तीस फुटी. आत नाचावं एवढी जागा, पण मागच्या चाकांपलीकडे बारा फूट शेपटी लोंबते. वारा आडवा आला की ती शेपटीच गाडी चालवणार. तिसरं बत्तीस फुटी, पण चासी सगळ्यात भारी, चाकं मोठी. ते आतून जरा कोंदट वाटतं. तू असतास तर खाली शिरून दोन मिनिटांत निकाल लावला असतास.

मी सात दुकानं पालथी घातली. विक्रेते मला बघून आत पळतात. ट्रॅव्हिस म्हणून एक पोरगेलासा गडी आहे, तोच काय तो टिकलाय. त्याच्याकडून रिकामी गाडी मागून घेतली आणि धान्यगोदामाच्या वजनकाट्यावर नेली. पुढच्या चाकांचं वजन वेगळं, मागच्यांचं वेगळं. काट्यावरचा म्हातारा म्हणाला, "अहो, गहू कुठाय?"

लेनोर म्हणते, "वेंडेल, तुला गाडी घ्यायची नाहीये. तुला फक्त तोलत बसायचंय."

तुला काय वाटतं, हलकी चासी आणि कमी सामान, की भारी चासी? घाट उतरताना कोणती बरी? एवढंच विचारायचं होतं.

एवढंच नाही. पण आज इथेच थांबतो.

शनिवार, ६ मे

पत्र टाकलं नव्हतं, बरं झालं. काल जे झालं ते लिहितो.

लेनोरला घेऊन पुन्हा ट्रॅव्हिसकडे गेलो. पायऱ्या तिला जमतात का ते बघायचं होतं. डावा पाय खोटा असला तरी ती माझ्याआधी चढली. चालकाच्या सीटवर बसली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "ही माझी जागा."

दाराच्या आत एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. ट्रॅव्हिस ती वाचून दाखवत होता. "पाण्याची टाकी काठोकाठ भरलीत तर यातले साडेसहाशे पौंड गेले म्हणून समजा, मॅडम. लोक नेमकं हेच विसरतात."

लेनोर हसली. "आमच्याकडे कोणी विसरायचं नाही. याचा भाऊ पाण्यावरून एवढी कटकट करायचा! घाटाआधी पाव टाकीच, वर एक थेंब नाही. वेगाची तेवढी शुद्ध राहिली असती तर..."

ट्रॅव्हिसला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. मी सोफ्यावर बसलो. आणि क्लिफ, इतकी वर्षं जे घशाखाली दाबून ठेवलं होतं ते बाहेर आलं. मी म्हणालो, "टाकी भरलेली होती."

"कुठली टाकी?"

"अपघाताच्या दिवशीची. शेरिडनला क्लिफ आंघोळीला गेला होता तेव्हा मी नळी लावली. काठोकाठ भरली."

मग उरलेलंही सांगितलं. कोडी गावातल्या आमच्या केबिनसाठी घेतलेलं सिमेंट मी पिकअपने नंतर नेणार होतो ना? नेलं नाही. दहा गोण्या तुझ्या मोटरहोमच्या मागच्या कप्प्यात भरल्या आणि वर खुर्च्या रचल्या. दुसरी खेप वाचवायची म्हणून. फक्त तेवढ्यासाठी.

बिगहॉर्न घाटाच्या उतारावर तू ओरडलास, "ब्रेक धरत नाहीयेत!" तेव्हा मला क्षणात कळलं होतं की हे मी भरलेल्या वजनामुळेच. धुराचा वास आला तेव्हाही. तू गाडी दरीकडे जाऊ दिली नाहीस, डोंगरावर घातलीस, म्हणून आपण तिघं जिवंत राहिलो. आणि पोलिसाने मला विचारलं तेव्हा मी काय म्हणालो, ते तू ऐकलंस. "जोरात चालवत होता." लेनोरला तेव्हा रुग्णवाहिकेत चढवत होते. तू माझ्याकडे वळून बघितलंस. तू भांडला असतास तर बरं झालं असतं, पण तू काहीच बोलला नाहीस.

जोरात चालवत नव्हतास. माझं लक्ष वेगाच्या काट्यावर होतं. ब्रेक होते तोवर तो पस्तीस मैलांच्या वर गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोडकी गाडी जिथे ओढून नेली होती तिथे जाऊन मीच गोण्या काढल्या. टाकी तर फुटलीच होती. कोणी विचारलं नाही. मग शाळेने तुला बसवरून काढलं. एकोणीस वर्षं मुलांची ने-आण करणारा माणूस तू. ते कळलं तेव्हा मी लेनोरच्या उशाशी बसलो होतो, आणि मनाला सांगितलं की आधी हिला उभी करू, मग बोलू. ती सात महिन्यांत उभी राहिली. मी काही बोललो नाही.

लेनोरने एकच विचारलं, "किती गोण्या?"

"दहा."

"आणि मी त्याची नाताळची कार्डं न उघडता परत पाठवली. पाच वर्षं. तू ती पोस्टात टाकून यायचास."

तिने काठी घेतली, उतरली आणि ट्रॅव्हिसला म्हणाली, "मला घरी सोडशील का रे बाळा? माझ्या नवऱ्याला अजून गाडी बघायचीय."

मी त्या रिकाम्या मोटरहोममध्ये किती वेळ बसलो होतो कोण जाणे.

मंगळवार, ९ मे

कालपर्यंत तीन दिवस घरात बोलणं नव्हतं. जेवण ती करायची, मी भांडी घासायचो. काल सकाळी मी नोटरीसमोर बसून सगळं लिहून दिलं: पाणी, सिमेंट, वेग, माझं खोटं. सही केलेली मूळ प्रत सोबत आहे. शाळेला दाखव, वर्तमानपत्रात छाप, चुलीत घाल. तुझं गेलेलं यातून परत येणार नाही हे मला कळतं. माफी मागायला शब्द शोधले, सगळे तोकडे वाटले. तरी मागतो.

घरी आलो तर लेनोर नव्हती. दुपारी ती आणि ट्रॅव्हिस आले. तिने टेबलावर किल्ली ठेवली. बत्तीस फुटी, भारी चासीची. मी चार महिने तोलत होतो; तिने एका सकाळीत कागद केले, स्वतःच्या नावावर.

"चालवायला उजवा पाय लागतो," ती म्हणाली. "तो माझा आहे."

मी विचारलं, पहिल्यांदा कुठे जायचं? आधी तिला तिच्या बहिणीकडे, मेन राज्यात जायचं होतं.

"याकिमा," ती म्हणाली. "मला क्लिफच्या दारात उभं राहायचंय. अकरा वर्षं चुकीच्या माणसावर राग धरला, ते त्याला तोंडाने सांगायचंय. तू यायचं की नाही ते मी ठरवणार नाही. त्याला विचार."

म्हणून विचारतो. ती शनिवारी, वीस तारखेला पोचेल. तू तिला फोन कर, नंबर तोच आहे. तू "एकटी ये" म्हणालास तर मी तिला गावाच्या वेशीपर्यंत सोबत करीन आणि तिथे उतरून थांबेन. काहीच म्हणाला नाहीस तरी मी तेच समजेन.

स्वतःला तुझा भाऊ लिहायचा हक्क तुझ्याकडे ठेवून,

वेंडेल