माझ्या नावावरचे मिलिमीटर

३ फेब्रुवारी, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकी असलेली खोली! आठ वर्षं तळघरात सोनोग्राफी केली मी. इथे पडदा सरकवला की आकाश. बाबांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, बाहेर बघत बसू नकोस, पेशंटकडे बघ. जगात आम्ही दोघंच, पण टोमणे दहा जणांना पुरतील इतके.

काम सरळ आहे. साठीच्या पुढच्यांना बोलवायचं आणि त्यांच्या पोटातली मोठी धमनी किती रुंद आहे ते मोजायचं. ती आतल्या आत फुगत जाते, माणसाला पत्ताही नसतो, आणि एक दिवस फुटते. पंचावन्न मिलिमीटरच्या खाली असेल तर सहा महिन्यांनी या. पंचावन्न भरले की मोठे डॉक्टर पोट उघडून तिथे कापडी नळी बसवतात.

इथली एक पद्धत मात्र मजेशीर आहे. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत मशीन तपासायचं, तेही स्वतःच्या पोटावर, आणि आकडा वहीत लिहायचा. माझा सतरा. सिस्टर म्हणाल्या, छान, तरुण आहेस. छत्तिसाव्या वर्षी हे ऐकायला कोणाला आवडणार नाही!

५ फेब्रुवारी, बुधवार

आज एक शिंपीकाका आले होते. आकडा बरोब्बर पंचावन्न. टेबलावर पडल्या पडल्याच रडायला लागले. बायको अंथरुणाला खिळलेली, मी ऑपरेशनला गेलो तर तिला पाणी कोण देणार, म्हणाले. मला अगदी गलबलून आलं. पोटावर फिरवायचा प्रोब जरा तिरका धरला की धमनी असते त्यापेक्षा रुंद दिसते, ही आमच्या कामातली नेहमीची चूक. म्हटलं, असेलही तिरका. बावन्न लिहिलं.

काकांनी जाताना माझ्या एप्रनचं सुटलेलं बटण लावून दिलं. दिवसभर बरं वाटत होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी माझा आकडा वीस. सतराचा वीस कसा होईल? माझाच हात तिरका पडला असणार. इतकी वर्षं काम करून ही तऱ्हा! सिस्टरांना सांगितलं असतं तर हसल्या असत्या, म्हणून वीस लिहून वही मिटली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल एका मावशींचे सत्तावन्न आले. मुलीचे दिवस भरत आलेले, घरात करणारं दुसरं कोणी नाही. एक्कावन्न लिहिलं. कुणाचं काय बिघडलं?

आज सकाळी माझे सव्वीस. तीनदा मोजलं. सरळ धरून, आडवं धरून, श्वास रोखून. सव्वीसच.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी शिंपीकाकांना दुसऱ्या मशीनवर स्वतः तपासलं. बावन्न आले. मी लिहिलेले बावन्न खोटे होते, हे मला पक्कं माहीत आहे. मग ते खरे कसे झाले?

१९ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारी आणखी दोघांचे मिळून पाच कमी केले होते. सवयच लागली म्हणा ना. काल सकाळी माझे एकतीस.

सिस्टरांच्या पोटावर प्रोब ठेवला. सोळा. म्हणजे मशीन ठीक आहे. संध्याकाळी गावातल्या दुसऱ्या दवाखान्यात जाऊन पैसे भरून तपासून घेतलं. तिथेही एकतीस. त्यांनी विचारलं, घराण्यात कुणाला आहे का. मी नाही म्हटलं.

तीन, सहा, पाच. चौदा मिलिमीटर त्यांच्या पोटातून गेले आणि माझ्या पोटात आले. हे लिहितानासुद्धा मला वेड लागल्यासारखं वाटतंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मशीन तपासायची जुनी वही कपाटात सापडली. माझ्या आधीच्या बाईंची. पहिल्या पानावर अठरा. शेवटच्या पानावर छप्पन्न. पुढे कोरं.

सिस्टरांना विचारलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. ती बाई याच खुर्चीत पोट धरून कोसळली, वर नेईपर्यंत संपली. फार मायाळू होती, म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, कुणाचे तरी वाढवून लिही. तिलाही सांगितलं होतं मी. तिने ऐकलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिलं. देवा, लिहिलं मी. एक निवृत्त पोस्टमन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेहेचाळीसचे पन्नास केले. तासाभराने स्वतःचं मोजलं, सत्तावीस.

संध्याकाळी तो पाठ धरून परत आला. मी धावत जाऊन त्याची नोंद पुन्हा शेहेचाळीस केली. बसल्या बसल्या त्याचा चेहरा उजळला, म्हणाला गॅस झाला असेल. माझे परत एकतीस. असू देत. माझ्याच्याने हे पुन्हा होणार नाही.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग पोस्टमनचं दोनदा विचारलं. मग जेवले नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सत्तरीच्या माणसाला बोलवायलाच हवं. बाबांना मीच टेबलावर घेतलं. अठ्ठावन्न.

सेव्ह केलं नाही. मशीनच्या पडद्यावर आकडा तसाच ठेवून भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे गेले, बाबांच्या हृदयाचे रिपोर्ट दाखवले. ते म्हणाले, हे टेबलावरून उठतील असं वाटत नाही. आणि ऑपरेशन नाही केलं तर, मी विचारलं. कधीही फुटेल, म्हणाले.

बाबा तोवर मोजे घालत होते. किती गं, म्हणाले. मी म्हटलं, चौतीस, ठणठणीत आहात. टाइप केलं. एंटर दाबलं. त्यांनी बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पंचावन्न.

पोटात ठोका जाणवतो आता. हात ठेवला की हात हलतो.

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. माझं ऑपरेशन करा म्हटलं. माझं वय कमी, हृदय चांगलं, मी निभावेन. त्यांना नवल वाटलं नाही. गुरुवारी टेबल रिकामं आहे, म्हणाले. आधीच्या बाईंनाही तारीख दिली होती, एवढंच बोलले.

बाबांना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. रात्री माझ्या उशाशी येऊन बसले, लहानपणी बसायचे तसे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

एकोणीस.

एकोणीस! पुन्हा मोजलं — एकोणीसच. ठोका नाही. हात हलत नाही. मी मोठ्याने हसले — सिस्टर आत आल्या —

म्हणाल्या, तुझे बाबा आले होते सकाळी, तुझ्याही आधी. म्हणाले, पोरीने घाईत चुकीचं लिहिलंय, दुसरीकडे तपासलं तर सत्तर आले. वयाइतकेच आले म्हणून हसत होते. तुझ्या नावाने कॉम्प्युटर उघडाच असतो, दुरुस्त केलं मी —

सत्तर —

बाहेर बाकावर बसलेत म्हणे. मला भेटूनच जाणार. खिडकीतून दिसतायत — घाम पुसतायत —

नोंद उघडली. चौतीस टाइप केलं. घेत नाही. पंचावन्नच्या वर गेलेली नोंद बंद होते, फक्त मोठे डॉक्टर उघडू शकतात — ते ऑपरेशनला आत — निरोप पाठवलाय — लिहीत राहते, नाहीतर ओरडेन —

पुन्हा टाइप केलं. घेत नाही. घेत नाही —

बाबांनी वर पाहिलं. मला बघून हात हलवला — दुसरा हात पोटावर —

बाबा, मी येते, उठू नका, अहो उठू