ओल्या वार्निशवरची उपासना

प्रिय दादा आणि वहिनी, दोघांना प्रभूत सलाम.

दादा, तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला थांबला का? मी ठीक आहे, म्हणजे कंबर सोडून बाकी सगळी. मला लांबड लावायला आवडत नाही, पण आज लावणार आहे. इथे ऐकून घेणारं कुणी नाही, आणि तुला पत्रातून उठून जाता येणार नाही.

तुझा भाचा सुतारकाम सोडून तुमच्या शहरात बेकरीत लागला, तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद आहे, हे तुला माहीतच आहे. आता यांनी देवाला मध्ये ओढलंय. म्हणे देवाने अब्राहामाला दिलेला शब्द त्याच्या पोराशी, इसहाकाशी पाळला, नातवाशी, याकोबाशी पाळला, तसाच हा कारखाना आजोबांकडून बापाकडे आला, बापाकडून आपल्याकडे, आता पोराकडे जाणारच. मी म्हटलं, अब्राहामाला देवाने तारे दाखवले होते, तेवढी लेकरंबाळं होतील म्हणून, सुताराचं दुकान नाही. ऐकतंय कोण! पोराचं कारखान्यातलं स्टूल रिकामं ठेवतात, त्यावर माशी बसू देत नाहीत, आणि विश्वास ताजा राहावा म्हणून अधूनमधून त्याला वार्निश मारतात. (घराच्या दाराला मारा म्हणून मी सांगून सांगून थकले. दाराबद्दल वचन नसावं.)

रविवारी प्रार्थना आमच्या कारखान्यात होती. पाळकसाहेब उशिरा आले आणि नेमके त्याच स्टुलावर टेकले. दुपारीच वार्निशचा हात मारलेला! हे ताडकन उभे राहिले, हात वर केला. मंडळीला वाटलं, साक्ष द्यायला उठलेत. उपदेश संपला, पाळकसाहेब उठायला गेले, तर स्टूलही उठलं. परत बसले. चारचौघांत पँट फाटण्यापेक्षा शास्त्र वाचलेलं बरं, म्हणून वाचत सुटले. ताऱ्यांचा अध्याय संपला तशी मागची पानं उलटली आणि अब्राहामाची गोष्ट मुळापासून घेतली. तिथे देव त्याला पहिलंच काय सांगतो? बापाचं घर सोड आणि मी दाखवीन तिकडे जा.

माझ्या हातात किटली होती. मी म्हटलं, "अहो, मग आपल्या पोरानं वेगळं काय केलं?"

दादा, या माणसाला मी जन्मभर बोलतेय, पण लागलेलं पहिल्यांदा पाहिलं. यांनी हातातलं बायबल मिटलं. मग वार्निश सुटायला टर्पेंटाइन आणलं आणि पाळकसाहेबांना मोकळं केलं.

देव शब्द पाळतो, यात मला शंका नाही. आपली आई त्याच भरवशावर गेली आणि आपण अजून त्याचं नाव घेतोय. पण त्याने न दिलेला शब्द त्याच्या नावावर खपवायचा आणि पोराच्या मानगुटीवर बसवायचा, हा कुठला विश्वास? पाव भाजणाऱ्याचा देव काही वेगळा असतो का?

तुझी धाकटी

ता. क. काही काम नाही, सहज लिहिलं.

ता. क. काम आहे. हे शनिवारी सकाळच्या गाडीने तिकडे येतायत. मला सांगितलं, लाकूड बघायला. (लाकूड बघायला कुणी नवा शर्ट इस्त्री करून घेत नाही.)

ता. क. देवावर माझा भरवसा आहे, दादा, तुझ्यावर नाही. म्हणून वहिनी, हे तुम्ही वाचा. स्टँडवर पोरालाच पाठवा. बापाचं नाव काढू नका. मामाचं सामान येतंय, जरा जड आहे, सांभाळून उतरव, एवढंच सांगा.