थांबलेलं घोरणं

आप्पा,

परवा कोल्हापुरात डॉक्टरांनी मला विचारलं, वडील कशानं गेले? मी सवयीनं सांगून टाकलं, झोपेत, शांतपणे. शेजारी बसलेली आई म्हणाली, "निवांत गेलं की ते." डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, घोरायचे का?

घोरायचे का! कबनूरच्या आपल्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्याच्यावर तुमचं घोरणं. पहिली पाळी करून यायचात, जेवायचात आणि स्वयंपाकघराच्या दाराशीच आडवे व्हायचात. मध्येच घोरणं थांबायचं, मग गुदमरल्यासारखा एक हिसका, की पुन्हा सुरू. आम्ही हसायचो. आई जाता येता तुम्हाला कुशीवर वळवायची. दहावीच्या वर्षी मी वैतागून म्हणाले, तुमच्यामुळं माझा अभ्यास होत नाही. तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी चटई उचलून मागच्या खोलीत गेलात.

आता माझ्याही हृदयाचा स्नायू जाड झालाय. झोपेत माझाही श्वास थांबतो आणि तेव्हाच ठोक्यांची लय बिघडते, असं तपासणीत दिसलं. तोंडावर मास्क लावून झोपते. ठोके सांभाळणारं मशीन छातीत बसवायचं का, हे ठरवायला तुमचं जाणं नीट कळायला हवं म्हणे. पण मला तरी काय कळतंय? तुमचा श्वास आधी थांबला की हृदय? की दोन्ही एकमेकांना ओढत गेले? डॉक्टर म्हणतात, आता नक्की सांगता येणार नाही. विचार करून करून डोकं भणभणतं नुसतं.

चालू मागाशेजारी तुम्ही खुशाल डुलकी काढायचात, आणि दोरा तुटून माग थांबला की ताडकन उठायचात. मालक ओरडले की म्हणायचात, "माग थांबला की जाग येती मला." हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तरी कसं सुचलं नाही मला?

पुढच्या खेपेला आईला बाहेर बसवून डॉक्टरांना खरं सांगायचं ठरवलंय. हा कागद फाईलमध्ये ठेवणार होते, पण फाईल आईच्याच पिशवीत असते, तेव्हा फाडून टाकीन. त्या दुपारी मागच्या खोलीतलं घोरणं थांबलं, आप्पा. मी कान देऊन वाट बघितली. पुन्हा सुरू झालं नाही. सुटले एकदाची, असं वाटलं मला, आणि मी भूगोलाचं पान उलटलं.