नानांशी तू बोललीस तो दिवस

प्रिय शैला,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत फैजपूरची आत्या सगळ्यांना सांगत होती, "शैला म्हनजे गाय होती गाय! मोठ्यांसमोर कधी तोंड नाही उघडलं तिनं." बायका माना डोलवत होत्या. मी वरण वाढत पुढे गेलो. पण मनाला लागलं. तू आणि तोंड उघडलं नाहीस? म्हणून आज लिहायला बसलो. लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

जळगावला विद्यापीठ नवीन होतं तेव्हा. जनसंपर्क आणि संवाद हा विषय शिकायचा म्हणालीस, तेव्हा हीच आत्या काय म्हणाली होती आठवतं? "नवऱ्याशी संपर्क पुरत नाही का, म्हनून जनांशी करायचा?" मला राग आला होता. तू मात्र स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसलीस. मग मला म्हणालीस, "तुम्ही घुमे, नाना घुमे. या घरात हा विषय शिकायची गरज मलाच शे!" खूश असलीस की धुळ्याचं माहेर असं जिभेवर यायचं तुझ्या.

आई गेल्यावर नाना फैजपूरचं शेत वाट्याने देऊन आपल्याकडे जळगावात मेहरूणला राहायला आले होते. सासऱ्याशी सुनेने थेट बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तू दाराच्या चौकटीकडे बघून म्हणायचीस, "चहा झालाय म्हणावं." नाना हातभर अंतरावर! तेही माझ्याकडे बघून, "थोड्या वेळानं घेतो म्हना." मी मधला पोस्टमन. दिवसभर संवाद शिकून आलेली बाई घरी चौकटीशी बोलायची. तुला कसं वाटत असेल? मी कधी विचारलं नाही.

शिकण्याबद्दलही नाना माझ्यापाशीच बोलले. "शिकू दे. पन नापास झाली तं पुन्हा नाव काढायचं नाही."

आणि शेवटची परीक्षा कसली, तर खोटी पत्रकार परिषद! तू एका काल्पनिक नगरपालिकेची जनसंपर्क अधिकारी. जलवाहिनी परवा फुटली आहे, गावाला पाणी नाही. समोर बसलेला कोणीही प्रश्न विचारणार आणि एकही प्रश्न टाळायचा नाही. घरच्यांनाही बोलावलं होतं. नाना म्हणाले, "मी बी येतो. पाहू तं दे, काय शिकवता." तू फक्त म्हणालीस, "येऊ द्या म्हणावं."

सुरुवात किती छान केलीस! पोरं आडवेतिडवे प्रश्न विचारत होती, तू शांतपणे उत्तरं देत होतीस. आणि मागून नाना उभे राहिले. खोटं-खरं ते विसरलेच होते. चांगलेच तापले होते. "पाइप परवा फुटला. मंग लोकांना काल काबरं नाही सांगितलं?"

तुझा हात पदराकडे गेला. पदर डोक्यावर आला. आणि तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "दुरुस्ती चालू होती म्हणावं."

सगळा वर्ग हसला. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, प्रश्न त्यांनी विचारलाय. उत्तर त्यांना द्या."

मी खाली बघत होतो. संपलं सगळं, असं वाटलं. तेवढ्यात तुझा आवाज आला.

"नाना, चूक झाली. काल सांगायला हवं होतं. लोक रागावतील म्हणून आम्ही भ्यायलो. आता रोज सकाळी काम कुठवर आलं ते सांगू. नसेल झालं, तर नाही झालं असंही सांगू."

मी वर पाहिलं. पदर डोक्यावरच होता, पण नजर सरळ नानांकडे! नाना म्हणाले, "मंग ठीक हाये," आणि बसले.

त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो निकालाच्या दिवशीसुद्धा वाटला नाही. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का?

घरी आल्यावर नानांनी दारात चप्पल काढली आणि म्हणाले, "सूनबाई, चहा टाक." माझ्याकडे न बघता! पोस्टमनची नोकरी गेली ती कायमची. पुढे तू बँकेत जनसंपर्क अधिकारी झालीस, तेव्हा नाना फैजपूरच्या बाजारात सांगत फिरले, "आमची सून बोलायचा पगार घेते!"

एक तक्रार आहे. पोटात दुखतंय हे तू किती महिने लपवलंस? आम्ही घाबरू म्हणून? अगं, मग नानांना त्या दिवशी काय उत्तर दिलं होतंस?

असो. आत्याला मी सांगेन, माझ्या पद्धतीने, पुढच्या भेटीत. अवघड काम वेगळंच आहे. तू गेल्यापासून नाना आणि मी समोरासमोर बसून जेवतो आणि एक शब्द निघत नाही. मुलगा आणि बाप! सगळं बोलणं तुझ्यामार्फतच जायचं, हे तू नसताना कळलं. काल पाहुणे गेल्यावर ते खाटेवर बसून होते. डोळे पुसत होते. मी पाणी ठेवलं आणि बाहेर आलो.

आज तसं करणार नाही. हे पत्र संपवून त्यांच्याशेजारी जाऊन बसतो. "नाना, मलाही शैलाची आठवण येते," एवढं तर त्यांच्याकडे बघून म्हणेन. पुढचं मला येत नाही. पण उठणार नाही, हा शब्द देतो तुला.

तुझा,
प्रभाकर