सोलापूरचा एकमेव रॉक अँड रोल सिंगर

७ सप्टेंबर १९७३
सोलापूर जिंकलं! भवानी पेठेतल्या गणपतीसमोर माझ्या 'माय सोलापूर बेबी'ला तीनदा वन्स मोअर. शब्द माझे, चाल माझी, इंग्लिशही माझंच. मिलमधला ईरप्पा मागे ढोल ठोकत होता, एवढंच. पब्लिक "वेणी! वेणी!" ओरडत होतं. वेणीमाधवचं शॉर्ट. लीला म्हणते, केसांमुळे ओरडत होते. बायकोला आर्टमधलं काय कळतं?

१५ जानेवारी १९७४
गड्ड्याच्या जत्रेत माझ्या प्रोग्रॅमला मुंगीला शिरायला जागा नव्हती. सलूनवाल्याने आरशाला माझा फोटो लावलाय. पोरं माझ्यासारखी एका पायावर उड्या मारत शाळेत जातात.
मिलचे हेडक्लार्क म्हणाले, "जेऊरकर, रजा संपली." म्हटलं, "तुमची नोकरीच संपली!" राजीनामा टेबलावर आपटला. दौत त्यांच्या धोतरावर सांडली. छान झालं.

२ मार्च
ईरप्पा डोक्यावर बसलाय. आज पंधरा मिनिटं एकटाच वाजवत सुटला. पब्लिक वेडं! मी सिंगर, आणि हाताची घडी घालून उभा! नंतर झापलं. म्हणतो, "लोकास्नी आवडलं की ओ. मी काय करू?" साळसूदपणा सगळा. पुढच्या वेळी त्याला पडद्यामागे बसवणार.
आजपासून रागवायचं नाही. घशाला वाईट.

२१ मार्च
पडद्यामागे बसवला. लोक म्हणाले, "पडदा काढा!" गाणं अर्ध्यावर टाकून आत गेलो आणि त्याच्या ढोलात लाथ घातली. कातडं फाटलं, पाय आत अडकला. ढोलासकट स्टेजवर आलो. लोक पोट धरून हसले. मोठे आर्टिस्ट स्टेजवर वाद्यं मोडतात, हे या चादरीवाल्या गावाला कोण सांगणार?
ईरप्पा फाटका ढोल मांडीवर घेऊन बसला होता. एवढंच म्हणाला, "बापाचा व्हता." नाटकी माणूस. हाकलला.

१२ मे, करकंब
लग्नात सोलो प्रोग्रॅम. फक्त मी आणि गिटार. तिसऱ्या गाण्याला मांडव रिकामा. पंगत बसली म्हणून, बाकी काही नाही. स्वयंपाकाच्या तानाबाई येऊन म्हणाल्या, "आदी जेवून घे बाबा, मग वरड." वरड! गाण्याला! न जेवता निघालो. करकंब कायमचं रद्द.

१० सप्टेंबर
गणपती तोंडावर आले, एकाही मंडळाचं पत्र नाही. पोस्टमनला फैलावर घेतलं. म्हणाला, "पत्र न्हाय तर मी लिवून आनू का?" उद्धट!
ईरप्पाला पाच मंडळांनी बोलावलंय. नवा ढोल केलाय. गातोसुद्धा. माझंच गाणं! मधे कानडी, मधे तेलुगू, आणि लोक नाचतात. कोर्टात खेचतो.

४ फेब्रुवारी १९७५
लीलाच्या शाळेच्या पगारावर घर चाललंय. तात्पुरतं. आज जेवताना म्हणाली, "अहो, राग सोडा. एकदा जाऊन ईरप्पाची माफी मागा." मी ताट भिरकावलं. तिने आमटी पुसली, साडी बदलली आणि शाळेत गेली. संध्याकाळी बोलली नाही. मीही बोलणार नाही. माफी? मी?

७ डिसेंबर
जेऊरला ईरप्पाचा प्रोग्रॅम होता. भर सभेत त्याला जाब विचारायला गेलो. दुपारच्या उन्हातही तुफान गर्दी. मागे उभा राहिलो. माझं गाणं सुरू झालं आणि पाय आपोआप उडाला.
शेजारचे फेटेवाले म्हातारबा माझ्याकडे बघत म्हणाले, "त्या वेणीवानीच उडी मारता की ओ! लई भारी गडी. मेला म्हनं बिचारा."
विचारलं, "कोण म्हणालं?"
"न्हाय तर काय? ह्यो ईरप्पा दर बारीला आदी त्याचं नाव घेतो, हात जोडतो. मगच वाजवतो."
मी म्हणालो, "वाईट झालं."
"व्हय. तरनाच व्हता की."
जाब विचारायचा राहिला. गाडीला गर्दी होती, सोलापूरपर्यंत उभ्याने आलो. लीलाने विचारलं, "भेटलात?" नाही म्हणालो. तिने पान वाढलं. जेवलो.