पंचेचाळीस मिनिटांवरचं माहेर

३ जानेवारी
ताई एकदा म्हणाली होती, "तू लांब राहतेस म्हणून येत नाहीस, असं नाही. यायचं नसतं म्हणून लांब राहतेस." तेव्हा रात्रभराची बस होती, म्हणून ऐकून घेतलं. आता थेट विमान सुरू झालंय. तीनशे दहा किलोमीटर, फक्त पंचेचाळीस मिनिटं! लगेच फोन करून सांगितलं, आता मला शेजारीणच समज. म्हणाली, मग सतरा तारखेला ये. अठराला तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि आईला एकटं सोडता येत नाही. गॅस पेटवते आणि विसरते. म्हटलं, हे काय सांगायला हवं?

९ जानेवारी
तिकीट काढलेलं नाही. एवढ्याशा प्रवासाची इतकी आधी तयारी म्हणजे कोपऱ्यावरून ब्रेड आणायला सुटकेस भरणं. नवरा म्हणाला, विमानतळावर दोन तास आधी जावं लागतं. याला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय.

१६ जानेवारी
खिडकीची सीट संपली. खिडकीशिवाय विमान म्हणजे उडणारी बस. शिवाय ऑफिसात ऑडिट. ताईने तारीख सहा फेब्रुवारीवर ढकलली. समजूतदार आहे. नीट दिसत नाही म्हणून आईच्या गोळ्या हल्ली वासावरून ओळखते म्हणाली. कौतुक वाटलं.

२ फेब्रुवारी
तिकीट काढलं! पाच तारखेचं, खिडकीचं. नवऱ्याला तीनदा दाखवलं. तो म्हणाला, "बघू."

५ फेब्रुवारी, दुपार
विमान चुकलं. दोष माझा नाही. विमान पंचेचाळीस मिनिटांचं आणि विमानतळाचा रस्ता दीड तासाचा, हे जाहिरातीत कुठेही लिहिलेलं नसतं. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, अहो, विमान समोर उभं दिसतंय मला. ती म्हणाली, मलाही दिसतंय. उर्मट कार्टी. पुढचं विमान एकदम आठ तारखेला.
ताईला कळवलं. म्हणाली, असू दे. आणि फोन ठेवला. नेटवर्क नसेल.

६ फेब्रुवारी
ताईने ऑपरेशन करून घेतलं. स्वतःची गाडी दारात ठेवून एकटीच रिक्षाने गेली. आईजवळ शेजारच्या काकू बसल्या. काकू फोनवर म्हणाल्या, आई सारखी दारात जाऊन विचारत होती, धाकटी आली का. म्हणजे आईची स्मरणशक्ती शाबूत आहे. उगाच काळजी करतात सगळे.
जेवण गेलं नाही. अॅसिडिटी असणार.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी सात
पोचले! पंचेचाळीस म्हटलं होतं, एक्केचाळीस मिनिटांत उतरले. मी कधी वाढवून बोलत नाही, हे आता तरी ताईला पटेल.
चाकं टेकल्याचा फोटो, बोर्डाचा फोटो, माझा फोटो. बाहेर आले तर फक्त माळरान आणि एक वॉचमन. गाव इथून तीस किलोमीटर. तो म्हणाला, टॅक्सी दोनच असतात बाई, तुम्ही फोटो काढत होतात तेव्हाच गेल्या.
ताईला मेसेज टाकलाय. नाहीच म्हणेल, लहानपणापासून हट्टी आहे. तरी विचारलं, गाडी घेऊन येतेस का? ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय ना?