पूर्वेची चौकट

आबा,

काल नातवानं गवंडी आणला आणि पूर्वेच्या दाराला हात लावून म्हणाला, एवढ्याशा घराला दोन मोठी दारं कशाला, हे बुजवून टाकू. मी म्हटलं, आधी मला बुजव. दोघं हसले, पण गवंडी चहा पिऊन परत गेला. आता त्याच दारात बसून हे लिहितेय. माझी शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा वेलांट्या मोजू नका.

सरकारी कर्जानं घर बांधायची योजना आपल्या गावात आली, सन पासष्टच्या आसपास, तेव्हा लोक घाबरवायचे, हप्ता चुकला की सरकार घर घेऊन जाईल. तुम्ही पारावर विचारलंत, कुठं नेईल, डोक्यावर? आणि अमळनेरला जाऊन सगळ्यांच्या आधी अंगठा उठवून आलात. पैसे एकदम मिळत नव्हते. जोतं झालं की ओव्हरसियर बघून जाणार, मग भिंतींचे पैसे. भिंती बघणार, मग छपराचे. नवं गावठाण म्हणजे तेव्हा उघडं रान, रस्ता फक्त नकाशात. तो निळा कागद, त्यावर सगळी इंग्रजी अक्षरं. तुमचा मुलगा गिरणीत, आठवड्यानं घरी यायचा. उरलेल्यांत शाळेचं तोंड पाहिलेली मी एकटी, म्हणून तुम्ही नकाशा सासूबाईंच्या हाती आत पाठवलात. सून सासऱ्याशी बोलत नसे. तुम्ही ओसरीवरून बघत होतात, मी पदराआडून नकाशा बघितला आणि सासूबाईंना सांगितलं, दार पूर्वेला. तुम्ही खूश. पारोळ्याहून सागाची चौकट आणलीत, हळदकुंकू लावून, नारळ फोडून उभी केलीत. पुजलेली चौकट मग कुणी हलवत नाही.

भिंती उभ्या राहिल्या आणि ओव्हरसियर आला. घराला एक फेरी मारतो आणि कपाळाला हात लावतो. रस्ता पश्चिमेला येणार आणि दार पूर्वेला. चौकट काढा, नाहीतर छपराचे पैसे विसरा. इकडं दार ठेवायला सांगितलं कुणी? निम्मं गाव गोळा झालेलं. तुम्ही म्हणालात, "मीच सांगेल व्हतं."

त्यानं तुम्हाला पोराला सुनावावं तसं सुनावलं. म्हाताऱ्यांना दिशांचं खूळ, सरकारच्या पैशाचं मातेरं. तुम्ही ऐकून घेतलंत, पण चौकट काढायला ठाम नकार दिलात. म्हणजे आम्ही बिनछपराच्या भिंतींत राहायचं. मी पदर सारून पुढं झाले. तुमच्या देखत परक्या पुरुषाशी पहिल्यांदा बोलले.

"साहेब, हाई मांगलं दार शे. पुढलं आजून बसाडनं शे."

तो माझ्याकडे बघतो, मग नकाशाकडे. मागच्या दाराला नकाशात मनाई नव्हती. आठ दिवसांत पुढचं दार दाखवा, म्हणाला. पश्चिमेच्या भिंतीवर पहिली पहार मी घातली. बाभळीची चौकट बसली, पैसे आले, छप्पर चढलं. तुम्ही मात्र सासूबाईंना, मला ऐकू जाईल असं म्हणालात, "पुजेल दारले मांगलं म्हने. जीभ शे का इळा."

जिभेला विळा म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. आजही माझ्या त्या वाक्यात बदल करणार नाही. शेवटपर्यंत तुम्ही पूर्वेकडूनच ये-जा केलीत, आणि लोक तिरडी घेऊन पुढच्या दाराकडे वळले तेव्हा तुम्हाला पूर्वेकडून न्यायला मीच लावलं.

घर मी वाचवलं, हे गावाला शंभरदा सांगितलं. ते खरंच आहे. एक तेवढं सांगितलं नाही. ओव्हरसियरनं नकाशा उलगडला तेव्हा लाल शिक्का खाली होता. मी बघितला त्या दिवशी तो वर होता. मी कागद उलटा धरला होता, आबा. तुम्हीही त्या शिक्क्याकडे बघत होतात. मग माझ्याकडे बघितलंत, आणि मग म्हणालात, मीच सांगितलं होतं.

हे पत्र चौकटीच्या वरच्या फटीत खोचते, पाठवायचं तरी कुठं. नातवानं सकाळी परत विचारलं, दार इकडं कसं? मी म्हटलं, आमचे आबा हट्टी होते.